पाहुण्याची पेज

माय, बाईंच्या कुत्र्याला सुताची खळ मी पाजली होती, तू नाही. हे तुला सांगायची काही गरज नाही, तुला ते त्याच घडीला कळलं होतं. पण मी तोंडानं कधी म्हटलं नाही, म्हणून आज पहिल्या ओळीतच लिहून टाकते. नाहीतर माझी सवय मला ठाऊक आहे. इकडचं तिकडचं लिहीत बसेन, गल्लीचं वर्णन करेन, तुझ्या हाताचं दोन ओळी कौतुक करेन, डोळे पुसेन आणि मुद्दा राहून जाईल. सदतीस वर्षं मुलींच्या वह्यांवर 'मुद्द्याला धरून लिही' असा लाल शाईचा शेरा मारत आले. आज जरा स्वतःच्या वहीवर मारते. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, तरी हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

तू बाईंना दोनदाच पाहिलंस, म्हणून त्या माझ्या कोण होत्या ते तुला नीट कळलं नसेल. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, धरमपेठेत नवे बंगले उठत होते, आणि अशाच एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमच्या इंग्रजीच्या बाई एकट्या राहायच्या. मॅट्रिकच्या वर्गात कोष्ट्याची मुलगी मी एकटीच. बाईंनी मला हाताशी धरलं. शनिवारी घरी बोलवून शिकवायच्या, माझं 'मले-तुले' सोडवून 'मला-तुला' बसवलं त्यांनीच, आणि मॅट्रिक झाले की ट्रेनिंग कॉलेजात आणि तिथल्या वसतिगृहात माझी सोय लावून देईन असं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांच्याशिवाय मला विचारणारं कोण होतं? आपल्या घरी माझ्या वयाच्या मुलीनं मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, नाहीतर सासरी जाऊन तिथल्या मागाच्या कांड्या भरायच्या. बाईंची मर्जी गेली की माझं सगळंच गेलं, असं मी धरून चालले होते. तेव्हा ते खरंही होतं.

तर त्या दसऱ्याच्या सुट्टीत बाई आठ दिवस भावाकडे काटोलला निघाल्या. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई आपल्या गावी गेलेली, म्हणून त्यांनी त्यांचा कुत्रा माझ्या हवाली केला. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा कुणा मडमेनं जाता जाता तो त्यांना दिला होता. मांजराएवढा जीव, पांढरा, डोळ्यांवर केस आलेले, आणि पोट जन्माचं नाजूक. जरा इकडचं तिकडचं खाल्लं की जुलाब. बाईंनी दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या होत्या. काय द्यायचं, किती वाजता द्यायचं, काय मुळीच द्यायचं नाही. तो कागद आणि तो कुत्रा पदराखाली झाकून मी धरमपेठेपासून नाईक तलावापर्यंत चालत आले आणि तुझ्यापुढं उभी राहिले. तू चरख्यावर कांड्या भरत होतीस. मी कागद वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तसा. तू हात न थांबवता ऐकलंस आणि म्हणालीस, "येवढंच ना? पोराचं पोट आन् याचं पोट एकच असते वं. ठेव त्याले इथं." त्याचं इंग्रजी नाव तुझ्या तोंडात बसेना. दोनदा म्हणून पाहिलंस, तिसऱ्यांदा हसलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे. पाहुणा म्हणू याले." आठ दिवस सगळं घर त्याला पाहुणाच म्हणत होतं.

पाहुणा आला तोच पोट बिघडवून आला. नवं घर, मागांची खडखड, आणि वाटेत चौकात मी पाणी पिऊ दिलं होतं ते वेगळंच. संध्याकाळपर्यंत त्यानं चार वेळा अंगण घाण केलं. मी कागद उलटसुलट करत बसले, त्यात या गोष्टीचा इलाज सापडेना. तू त्याला उचललंस, पोटावरून हात फिरवलास, पोटाला कान लावलास. "गुडगुड करून राहिलं. आज काईच नको देऊ. पोटाले बसू दे जरा." मी म्हटलं, बाईंनी संध्याकाळी दूध लिहिलं आहे. तू म्हणालीस, "लिहिलं असंल. त्याचं पोट वाचते का तो कागद?" मला राग आला होता. आता हसू येतं आणि त्याच्या मागोमाग लाज येते, कारण तो राग दुधाचा नव्हताच. बाईंच्या अक्षराला माझ्या अडाणी आईनं नाही म्हटलं, त्याचा होता.

दुसऱ्या दिवसापासून तू त्याला भाताची पातळ पेज सुरू केलीस, मिठाचा कण टाकून, कोमट, एका वेळी वाटीभर आणि तीही दोन-दोन घोटांत. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला बेलाचा गर सहाणेवर उगाळून बोटानं त्याच्या जिभेला लावायचीस. ताकाची वरची निवळ द्यायचीस. तव्यावर ऊन केलेल्या चिंधीनं त्याचं पोट शेकायचीस आणि शेकताना त्याच्याशी बोलायचीस. "काहून गा पाहुण्या, आमच्या घरचं पानी मानवलं नाई का तुले?" आणि सकाळी, सगळी गल्ली ये-जा करत असताना, तू त्याच्यामागं उकिडवी बसून त्यानं काय केलं ते काडीनं बघायचीस. तिथूनच मला हाक मारायचीस. "अवं, पातळ हाय, पन आव नाई पडली. उद्या बांधून होईल पाय." समोरचे काका हसायचे, शेजारच्या काकू विचारायच्या, तुझ्या पाहुण्याची तब्येत कशी आहे? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आत जाऊन पुस्तक उघडायची. तिसऱ्या दिवशी खरंच बांधून झाली आणि तू लेकाचा पहिला नंबर आल्यासारखी गल्लीभर सांगत सुटलीस.

आता चौथा दिवस. यावर मी इतकी वर्षं पाय न देता चालत आले.

त्या दिवशी ताण्याला, मागावर चढवायच्या उभ्या सुताला, खळ लावायची होती. दिवाळीच्या आत मागावरून लुगडी उतरवायची होती आणि हवा अजून दमट होती, म्हणून तू खळीत मोरचूद घालणार होतीस. पावसाळी दिवसांत घालायचीसच, नाहीतर सुताला बुरशी धरते. खळ आपल्याकडे तांदळाची. म्हणजे एकाच चुलीवर, एकाच तांदळाची, आधी पेज आणि मग तीच आटवून घोटून खळ. तू पहाटे उठून पाहुण्याची पेज वेगळी काढलीस, झाकलीस, हात धुतलेस आणि मगच खळीत मोरचूदाची निळी विषारी पूड टाकलीस. मी समोर होते, मी पाहिलं. तू म्हणालीस, "पाहुण्याची पेज चुलीच्या उजव्या अंगाले हाय, टोपलीखाली. डाव्या अंगाचा मोठा गंज खळीचा हाय, उरली ते दुपारी लागंल. त्याले हात नको लावू. समजलं का वं?" मी पुस्तकातून मान वर न करता हो हो म्हटलं.

बाहेर गल्लीत ताणा ताणलेला. एका अंगानं बाबा, दुसऱ्या अंगानं तू, हातात कुंचे, आणि समोरचे काका, शेजारच्या काकू खळ पुरवायला. मलाही बोलावलं होतं. अभ्यास आहे म्हणून मी गेले नाही. अभ्यास कसला! इतवारीतल्या कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात होती, आपली लुगडी त्यांच्याच पेढीवर जायची, आणि ती कधी कधी बापासोबत आपल्या गल्लीच्या बाजूला यायची. तिनं मला हातभर खळ माखलेली बघू नये, एवढंच होतं. मी आत चुलीजवळ बसून इंग्रजीचे शब्द पाठ करत होते. पाहुणा भुकेला झाला होता. पायाशी आला, कुंई कुंई करायला लागला, पुस्तकाचं पान नाकानं ढकललं. मी वैतागले. वाटी उचलली, हाताशी जे पातेलं होतं त्यात बुडवली आणि त्याच्यापुढं आदळली. उजवं-डावं पाहिलंच नाही. आणि ऐक, आता सांगतेच आहे तर अर्धवट नको. मला वास आला होता. खळीला जरा आंबूस, घशात बसणारा वास असतो, पेजेला नसतो. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला तो कळत नाही असं कुणी सांगू नये. मला वाटलं, पेज आंबली असेल. मनात म्हटलं, असू दे, कुत्र्याला काय कळतं.

त्यानं निम्मी वाटी चाटली. घटकाभरात त्याला कसंतरी व्हायला लागलं. पाठीची कमान केली, तोंडाला फेस आला, आणि ओकला ते निळसर. मग मागूनही सुरू झालं. मी ओरडले, "माय!" त्या दिवशी 'आई' म्हणायचं सुचलं नाही.

तू आलीस. हातात कुंचा तसाच, कोपरापर्यंत खळ. बाईंना हे कधीच कळलं नसतं, पण तुला आणि मला ठाऊक आहे की खळ लागलेल्या ताण्यावरचा कुंचा वाळेपर्यंत थांबवायचा नसतो. थांबला की तार तारेला चिकटते, आणि मग तो ताणा मागावर चढत नाही. आपल्याकडे दारात यमदूत आला तरी त्याला थांब म्हणायचं आणि कुंचा चालवायचा. तू कुंचा टाकलास. बाहेरून बाबांचा आवाज आला, "काहून सोडला वं? ताणा वाळून राहिला!" तू आधी कुत्र्याकडे पाहिलंस, मग फरशीवरच्या निळ्याकडे, मग वाटीकडे, मग टोपलीकडे. टोपली तशीच होती, तिच्याखालची पेज तशीच होती, वर साय धरलेली. मग माझ्याकडे पाहिलंस. इतकं सगळं एका श्वासात झालं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे रंगारी राहायचे. मोरचूदाशी त्यांचा जन्म गेला होता. तू कुत्र्याला पदरात घेऊन त्यांच्याकडे धावलीस. ते म्हणाले, ओकतो आहे तेच बरं आहे, ओकू दे, आणि अंड्याचं पांढरं दुधात फेटून पाज. आपल्या घरात अंडं येत नव्हतं. तू ते शेजारच्या मोहल्ल्यातून मागून आणलंस, अंगणात बसून स्वतःच्या हातानं फोडलंस आणि फेटलंस. त्याचे दात घट्ट बसले होते, चमचा जाईना. मग तू बोरूची एक रिकामी, पोकळ कांडी धुतलीस, ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवलीस आणि थेंब थेंब सोडत राहिलीस. तो ओकायचा, तू तोंड पुसून पुन्हा सोडायचीस. दुपार गेली. बाहेर ताणा चिकटून काठीसारखा कडक झाला होता. बाबा आत आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कुत्र्यापायी ताणा घालवला. असं कोनी करते का वं?" तू कांडीवरून नजर न काढता म्हणालीस, "अजी, ताणा आपला हाय. जनावर दुसऱ्याचं हाय." त्यांनी खळ कुणी पाजली ते विचारलंच नाही. त्यांना ताण्याचंच दुःख इतकं होतं की बाकी काही दिसलं नाही. दोन दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. मी त्या दोन दिवसांत सांगू शकले असते. जेवायला वाढताना, पाणी भरताना, कधीही. मी इंग्रजीचे शब्द पाठ करत होते.

पाहुणा वाचला. पुढचे तीन दिवस तू त्याला पेजेच्या निवळीवर ठेवलंस, मग पेजेवर, मग भाताच्या चार शितांवर. सातव्या दिवशी तो उठून तुझ्यामागं चार पावलं चालला आणि तू चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसलेस. धूर गेला म्हणालीस. चूल विझलेली होती.

आठव्या दिवशी त्याला धरमपेठेत पोचवायचं होतं. मी एकटी जाते म्हटलं. तू म्हणालीस, "नाई, त्याच्यात तरान नाई अजून, मी उचलून घेतो." नवं लुगडं नेसलीस, केस चापून बसवलेस. तू सोबत येऊ नयेस म्हणून मी तीन कारणं सांगितली, ती तुला तिन्ही कळली असणार. तरी तू आलीस. बाईंच्या व्हरांड्यात पोचलो तर बाई बाहेर आल्या, आणि जनावरच ते, त्यांना बघताच शेपूट हलवत तुझ्या कडेवरून उडी मारून त्यांच्याकडे गेलं. बाईंनी त्याला उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. बरगड्या हाताला लागत होत्या. "अगं, हे काय झालं याचं? काय खाऊ घातलंत?"

मी बाईंकडे बघितलं. ट्रेनिंग कॉलेज बघितलं, वसतिगृहाची खोली बघितली, लोखंडी खाट, खिडकी, सगळं. आणि म्हणाले, "बाई, आईनं चुकून सुताची खळ पाजली. पेज समजून. तिला काय कळतं?"

किती शुद्ध बोलले होते मी! एक अक्षर चुकलं नाही. बाई तुझ्यावर ओरडल्या नाहीत, तेवढ्या त्या सभ्य होत्या. त्या तुझ्याशी बोलल्याच नाहीत. तुझ्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "अशिक्षित माणसाला काय दोष द्यायचा? म्हणून तर तुला शिकायचं आहे." तू व्हरांड्याच्या पायरीवर उभी होतीस. नव्या लुगड्यावर कुत्र्याचे पांढरे केस लागलेले. मला वाटलं, आता ही बोलणार. तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "चुकलं बाई माह्यं. माफी असावी." आणि मग, जायच्या आधी, "आज रातच्याले दूध नका देऊ त्याले. पेजच द्या." बाईंनी मान हलवली, पण ऐकलं नसावं.

परत येताना सीताबर्डीपर्यंत तू पुढं चालत होतीस. मी मागे चालत होते. वाटलं, एक थोबाडीत मार आणि मोकळी कर मला. तिथं एका झाडाखाली तू थांबलीस, चप्पल काढून तळवा चोळलास. मग म्हणालीस, "तिनं तुले कालेजात घालून द्याचं म्हटलं ना? मंग झालं." मी रडायला लागले. तू म्हणालीस, "मले अडाणी म्हन, काई नाई. अडाणीच हावो मी. पन खळ आन् पेज मले वळखू येत नाई, असं काहून सांगितलं वं? दुसरं काई सांगाचं. कुत्र्यानं उकिरड्यावर खाल्लं म्हनाचं. हे नाई सांगाचं." आयुष्यभरात तुझी मी खाल्लेली तेवढीच बोलणी. मी म्हणाले, बाई कुठं सांगणार आहेत कुणाला? तू म्हणालीस, "चाल, उशीर होऊन राहिला."

बाईंनी वर्गातच सांगितलं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला, माझं नाव न घेता, पण 'एका विणकर बाईनं' म्हणून. मुलींनी शिकणं का जरूर आहे, याचं उदाहरण म्हणून. सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत राहिले. इतवारीच्या त्या मुलीनं घरी सांगितलं, घरून ते पेढीवर गेलं, पेढीवरून आपल्या गल्लीत. तोपर्यंत गल्लीतल्या कुणाच्याही घरी खळ शिजली की तुला बोलावणं यायचं. तू चिमटीत धरून बोटं उघडायचीस, तार किती लांब येते ते बघायचीस आणि सांगायचीस, अजून घोटा, नाहीतर, झाली, उतरवा. नव्या सुनांना तू शिकवायचीस. ते हळूहळू कमी झालं. कुणी वाईट बोललं नाही, नुसती थट्टा केली. लग्नाच्या पंगतीत तू वाढायला उठलीस की कुणीतरी म्हणायचंच, "पाहून घ्या गा, खळ तर नाई वाढून राहिली?" सगळे हसायचे. तू पण हसायचीस. मी त्या पंगतीत बसलेली असायची, ताटात मान घालून. एकदा तरी ताट सारून उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं माझं? तोवर मी ट्रेनिंग पूर्ण करून नोकरीला लागले होते. बाईंची मर्जी जाण्याचा प्रश्नच उरला नव्हता. तरी गप्प. पहिल्या वर्षी भीती होती हे मी समजू शकते. पुढच्या वर्षांचं काय उत्तर देऊ? सवय झाली होती, दुसरं काही नाही.

आणि मग तू गेलीस. तेराव्याला बायका जमल्या होत्या, तुझं चांगलं चांगलं आठवत होत्या, आणि कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, "पन ते कुत्र्याची गोष्ट काय विसराची नाई बाई." सगळ्या डोळे पुसता पुसता हसल्या. माय, मीही हसले. खोटं नाही, खरंच हसू आलं मला. पुढं तर ती गोष्ट मीच सांगायला लागले. मुख्याध्यापिका झाले तेव्हा सत्काराच्या भाषणात सांगितली. माझी आई किती भोळी होती, तिला पेज आणि खळ कळत नव्हती, आणि अशा घरातून मी इथवर आले. टाळ्या पडल्या. निवृत्तीच्या समारंभात पुन्हा. कुंचा टाकून तू धावलीस ते मी कधी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. म्हणजे ज्या बाईनं जनावर वाचवलं तिलाच मी इतकी वर्षं त्याला विष पाजताना दाखवत आले, आणि वर कौतुकाचे हारही गळ्यात घालून घेतले.

परवा नातीच्या कुत्र्याचं पोट बिघडलं. तोही असाच चिमुकला, केसाळ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तो गोळी घेईना, काही खाईना. पोरगी रडवेली झाली. मी गॅसवर पेज ठेवली. मिठाचा कण टाकला, कोमट होऊ दिली, दोन-दोन घोट दिले, कापड ऊन करून पोट शेकलं. आज सकाळी त्याला बाहेर नेलं आणि वाकून बघितलं. बांधून झाली होती. नातीनं मिठी मारली आणि विचारलं, आजी, तुला हे सगळं कसं येतं? मी म्हटलं, माझ्या आईचं बघून. तिनं माझी ती भाषणातली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे. म्हणाली, "आजी, मला एक पटत नाही. जी बाई कुत्र्याची शी काडीनं तपासायची, तिला खळ आणि पेज ओळखू आली नाही? खरंच तुझ्या आईनंच पाजली होती का?"

पंधरा वर्षांची पोर. साठ-सत्तर वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. किती सोपं होतं! नाही, मी पाजली, एवढं म्हणायचं होतं. ती मला टाकून देणार नव्हती, माझी पेन्शन बंद होणार नव्हती. मी पेजेचं भांडं घासत होते. घासता घासता म्हणाले, "घाई होती गं त्या दिवशी. चुकली बिचारी."

ती 'बरं' म्हणून गेली. मी रात्रीची वाट न बघता दुपारीच हे लिहायला बसले आणि आता ऊन उतरलं आहे. झालं की फाडून टाकणार आहे. तुला वाचता येत नव्हतं, माय, म्हणूनच तुला लिहायची हिंमत झाली. जिला वाचता येतं ती पलीकडच्या खोलीत बसली आहे, आणि तिचा पायरव आला की मी या कागदावर हात ठेवते.